यष्टीमागून दिसणारं क्रिकेट : चंद्रकांत पंडित

सुट्टीत कंधारला गेलो की टेनिस बॉलचा डाव ठरलेला. आणि त्यात किपिंगला कोण? तर ज्याला ना बॉलिंग येते, ना पळायला होतं, तो. मी बरीच वर्षं तिथंच उभा राहिलोय. त्यामुळं चंद्रकांत पंडित या माणसाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे.

पंडित यांचा जन्म १९६१ चा, मुंबईचा. रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झालेले यष्टिरक्षक-फलंदाज. १९८६ साली ते भारताकडून खेळू लागले, पण ग्लोव्ह्ज होते किरण मोरेकडे. लीड्सला पहिली कसोटी मिळाली ती मोहिंदर अमरनाथ जायबंदी झाला म्हणून, निव्वळ फलंदाज म्हणून. त्याच वर्षी मद्रासची 'टाय' झालेली कसोटी आठवा. तिच्यात पंडित यांनी ३५ आणि ३९ धावा केल्या. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना. वेंगसरकर आजारी, म्हणून पंडित आत. त्यांनी २४ केल्या, भारत ३५ धावांनी हरला.

असं करत करत १९९२ पर्यंत ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने झाले. मोरे मात्र ४९ कसोटी खेळला. आता गंमत बघा. प्रथम श्रेणीत पंडित यांच्या ८ हजारांवर धावा, २२ शतकं, सरासरी ४८ च्या पुढं! त्या काळी किपर निवडायचा तो आधी हातांवरून. फिरकीला स्टंपला चिकटून उभा राहतो का, हे पहिलं. बॅटिंग म्हणजे वरकमाई. गिलख्रिस्ट, धोनीनंतर हा हिशोब उलटा झाला. पंडित जरा लवकरच जन्मले, असं माझं मत.

पण किपर दिवसभर काय बघतो? गोलंदाजाचं मनगट, फलंदाजाचे पाय, कोण क्षेत्ररक्षक दोन पावलं चुकीचा उभा आहे, सगळं समोर. मैदानात इतका अभ्यास दुसऱ्या कुणाचा होत नाही. प्रशिक्षक झाल्यावर हा अभ्यास उपयोगी पडला नसेल तरच नवल. पंडित यांच्या हाताखाली मुंबईनं तीनदा रणजी करंडक जिंकला. मग विदर्भ. ज्यांना कुणी मोजत नव्हतं, त्यांनी २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा करंडक नेला. पहिल्या वर्षी दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी सिव्हिल इंजिनिअर आहे, हे आपल्या सिव्हिलवाल्यांनी नोंदवून ठेवावं! (आपला मराठवाडा महाराष्ट्राच्या संघात मोडतो. त्या संघाचा शेवटचा रणजी करंडक १९४०-४१ चा. असो.)

त्यांची शिस्त कडक, काहींना जाच वाटण्याइतकी. तिच्यामागं एक जुनी जखम असावी. १९९९ साली बंगळूरला रणजीचा अंतिम सामना होता. पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार. कर्नाटकवर ७५ धावांची आघाडी घेतलेली, म्हणजे सामना नुसता वाचवला तरी करंडक आपला. पण शेवटच्या डावात संघ १५० मध्ये गुंडाळला गेला आणि ९६ धावांनी हरला.

२०२२ च्या जूनमध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर पुन्हा अंतिम सामना, पुन्हा मध्य प्रदेश, पंडित आता प्रशिक्षक. समोर त्यांचीच मुंबई. मध्य प्रदेशनं पहिल्या डावात ५३६ केल्या आणि सामना ६ गडी राखून जिंकला. राज्याचा पहिलाच रणजी करंडक. २३ वर्षांनी त्याच मैदानावर पंडित रडले, आणि पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं.