शरीराची गंगाजळी

कोणी अवचित मोठ्या दुखण्यात पडले की आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. “एवढा रोज फिरायला जायचा, काय उपयोग झाला?” हा एक, आणि “पथ्य म्हणून कधी पाळले नाही, मग दुसरे काय होणार?” हा दुसरा. पहिल्यात व्यायामाची थट्टा आहे, दुसऱ्यात रोग्याची निर्भर्त्सना. आम्हांला हे दोन्ही उद्गार चुकीचे वाटतात. कारण दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती ही की, नीट राहणारा माणूस आजारी पडतच नाही. वस्तुतः चांगल्या राहणीने पुष्कळसे आजार टळण्याचा संभव वाढतो. हमी मात्र कोणालाच मिळत नाही. तथापि तिचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आज आपण त्याचाच विचार करू.

एखादी सहकारी संस्था चांगल्या वर्षी नफ्याचा काही भाग गंगाजळीत टाकते. त्यामुळे दुष्काळ टळत नाही. परंतु दुष्काळ आला असता संस्था बुडत नाही. शरीराचेही असेच आहे. निरोगी माणसाचे हृदय स्वस्थ बसले असता मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते आणि कष्टाचे काम करताना त्याच्या चौपटही फिरवू शकते. ही मधली तफावत म्हणजेच आपली शिल्लक. न्यूमोनिया किंवा मोठी शस्त्रक्रिया म्हणजे शरीराला अंथरुणावर पडल्यापडल्या रात्रंदिवस करावे लागणारे कष्टाचे कामच होय. शिल्लक ज्याच्यापाशी आहे तो ते निभावतो. नाही त्याचा श्वास लवकर संपतो. स्नायूंचीही गोष्ट अशीच. मोठ्या आजारात अन्न जात नाही, तेव्हा शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून खर्चाला घेते. ज्याचे स्नायू आधीच झिजलेले, त्याच्याकडे मोडायला फार काही उरत नाही.

ही केवळ उपमा नव्हे. १९५३ साली जेरेमी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी लंडनमधील बस-कामगारांच्या हृदयविकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस दुमजली, ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. दोघेही एकाच नोकरीतले. कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ज्या कंडक्टरांना तो झाला, त्यांना तो उशिरा झाला आणि ड्रायव्हरांच्या मानाने कमी प्राणघातक ठरला, ही त्या अभ्यासातील गोष्ट आमच्या विषयाला अधिक महत्त्वाची आहे. याला एक बाजू अशीही आहे, की १९५६ साली मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांवरून दाखविले की, तरुण वयातही ड्रायव्हरांच्या कंबरेचा घेर अधिक असे. तेव्हा सगळे श्रेय पायऱ्यांना देता येणार नाही. मात्र पुढच्या अनेक अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला दुजोराच दिला.

शिल्लक किती झपाट्याने खर्च होते, हे १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे दिसून आले. विशीतल्या ५ निरोगी तरुणांना ३ आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले. त्यांची श्रमशक्ती चौथाईहून अधिक घटली. ३० वर्षांनी त्याच पाचांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की, त्या ३ आठवड्यांनी केलेले नुकसान ३० वर्षांच्या वार्धक्याने केलेल्या नुकसानाहून मोठे होते. मात्र ती श्रमशक्ती व्यायामाने तेव्हाही परत मिळाली होती आणि पन्नाशीतही बरीचशी मिळाली. आजारातून उठलेल्या माणसाला, वैद्यांच्या सल्ल्याने, लवकर चालते करतात ते याचसाठी.

मग गंगाजळीत भर कशी घालावी? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेले माप असे: आठवड्याला निदान १५० मिनिटे झपाझप चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे काम. ताटात डाळी, कडधान्ये, दूध यांना जागा हवी. तंबाखू तर सोडावीच. ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षे चाललेल्या पाहणीत, तिशीत धूम्रपान सोडणाऱ्यांना सरासरी १० वर्षांचे, तर साठीत सोडणाऱ्यांनाही ३ वर्षांचे आयुष्य अधिक लाभल्याचे दिसले. उशीर झाला म्हणून खाते बंद होत नाही. आणि घरातल्या ज्या बाईला सर्वांचे आटोपल्यावर उरलेसुरले अन्न आणि उरलासुरला वेळ मिळतो, तिच्याही नावाने हे खाते उघडले पाहिजे. हे काम तिच्या एकटीचे नव्हे, घराचे आहे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. शिल्लक आहे म्हणून उपचाराला उशीर करणे हा शुद्ध अविचार होय. छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, तर “मला काय होतंय, मी रोज पर्वती चढतो” असे म्हणत घरी बसू नये. गंगाजळीने मिळतो तो वेळ. तो वापरायचा असतो रुग्णालयात पोहोचण्यासाठी. आणि जो आजारी पडला, त्याच्या उशाशी बसून त्याच्या जुन्या खात्याचा हिशेब मांडू नये. तेथे त्याला हवा असतो तो आपल्या हाताचा आधार; हिशेब आपण आपापला, धडधाकट असतानाच, करावा.