माहितीपत्रकात न छापलेले अंतर

ज्याची उंची सहा फुटांच्या पुढे गेली आहे असा मनुष्य स्पोर्ट मोटारसायकल खरेदी करण्याच्या इराद्याने दुकानात शिरला, की त्याला बहुधा एकच आश्वासन मिळते : "साहेब, आपले दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात, मग आपल्याला कसली अडचण?" माझी स्वतःची उंची सहा फूट दोन इंच असल्यामुळे हे आश्वासन मी अनेकदा ऐकले आहे, एकदा त्यावर इतबारही ठेवला आहे, आणि त्या भरात घेतलेल्या वाहनावरून पुण्याहून कोल्हापूरला जात असता, खंबाटकीचा घाट ओलांडून फार तर अर्धा तास झाला असेल-नसेल तोच, केवळ गुडघे सरळ करण्यासाठी मला रस्त्याच्या कडेला उतरून उभे राहावे लागले आहे. पाय जमिनीला टेकणे ही गाडी उभी असतानाची बाब होय. स्वाराचा खरा प्रवास पाय जमिनीवरून उचलल्यावर सुरू होतो, आणि त्या प्रवासात पायांना किती जागा मिळणार याचा आसनाच्या उंचीशी फारसा संबंध नसतो.

हा पहिला गैरसमज इतका दृढमूल आहे की त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे अवश्य आहे. माहितीपत्रकात छापलेली सीटची उंची म्हणजे जमिनीपासून बैठकीपर्यंतचे अंतर. तिचा उपयोग मुख्यतः कमी उंचीच्या स्वाराला, कारण सिग्नलला थांबताना पाय टेकतील की नाही, हे तिच्यावरून कळते. उंच स्वाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते बैठकीपासून फूटरेस्टपर्यंतचे अंतर, आणि ते मात्र माहितीपत्रकात सहसा आढळत नाही. रॉयल एन्फील्डची २०१६ साली आलेली पहिली हिमालयन आणि यामाहाची अलीकडची आर-१५ यांची या दृष्टीने तुलना करून पाहावी : हिमालयनची सीट ८०० मिलिमीटर उंचीवर, तर आर-१५ची ८१५ मिलिमीटरवर. केवळ आकड्यांवर विसंबणारा मनुष्य आर-१५ ही उंच माणसाला अधिक सोयीची ठरवील. वस्तुतः सहा फुटी मनुष्य हिमालयनवर दिवसभर सुखाने बसू शकतो, आणि आर-१५वर तासाभरात त्याचे गुडघे दुखू लागतात. याचे कारण असे की, वळणावर गाडी पुष्कळ कलली तरी फूटरेस्ट रस्त्याला घासू नयेत म्हणून स्पोर्ट मोटारसायकलीत ते मुद्दाम वर आणि मागे बसविलेले असतात, आणि त्यामुळे सीट उंच असूनही तिच्याखाली पायाला मिळणारी जागा आखूडच राहते.

सीट, फूटरेस्ट आणि हँडल या तीन बिंदूंचा जो त्रिकोण होतो, त्याच्या बाजूंच्या लांबीवर स्वाराचे सुखदुःख ठरते. यामाहाचीच एमटी-१५ घ्या : आर-१५ आणि एमटी-१५ यांचे इंजिन एकाच घराण्यातले, सांगाड्याची रचना तीच, सीटच्या उंचीत अवघी पाच मिलिमीटरची तफावत, तरी एकीवर पाठ वाकते आणि दुसरीवर ती बव्हंशी ताठ राहते, कारण त्रिकोणाचा हँडलकडचा बिंदू बदललेला आहे.

आता दुसरा गैरसमज. मनगटे भरून येतात आणि कंबर धरते ती हँडल खाली असल्यामुळेच, असे सरसकट मानले जाते. हे अर्धसत्य आहे. पुढे वाकलेल्या धडाचा भार कोणीतरी पेलला पाहिजे हे खरे. परंतु तो पेलण्याचे काम मनगटांचे नव्हे, तर पोटाच्या व पाठीच्या स्नायूंचे आणि टाकीला दोन्ही बाजूंनी आवळून धरणाऱ्या मांड्यांचे आहे. याच कामासाठी टाकीच्या दोन्ही अंगांना गुडघ्यांकरिता खोलगट जागा केलेली असते. उंच माणसाची मांडी लांब. सीट व फूटरेस्ट यांमधले अंतर त्याला अपुरे पडल्यामुळे त्याचा गुडघा त्या खोलगट जागेच्या वर आणि पुढे जातो, क्वचित फेअरिंगच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या आवरणाच्या, कडेवर आपटतो, टाकीवरची पकड सुटते, आणि जो भार पायांनी घ्यावयाचा तो निमूटपणे तळहातांवर येऊन पडतो. तक्रार मनगटाची, पण तिचे मूळ गुडघ्यात, असा हा प्रकार आहे. म्हणूनच नुसते हँडल उंच करून घेणाऱ्या कित्येक उंच स्वारांना अपेक्षित आराम मिळत नाही, आणि मग ते आपल्या शरीरालाच दोष देऊ लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वेगाचाही येथे वाटा आहे. समोरून येणारी हवा छातीवर दाब देऊन धडाचा काही भार उचलते, आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ५० किलोमीटरला जेवढा असतो त्याच्या चौपट तो ताशी १०० किलोमीटरला होतो. जी बैठक मोकळ्या महामार्गावर सुसह्य वाटते तीच शहरातील गर्दीत जाचक का होते, याचा उलगडा यात आहे.

मग उपाय कोणता? दुकानदाराच्या मुखातून सहसा न येणारा, परंतु उंच माणसाला सर्वांत स्वस्तात साधणारा उपाय म्हणजे सीट उंच करून घेणे. कुशनचे काम करणारा कुशल कारागीर फोमची जाडी वाढवून हे सहज करून देतो. मांडी ४६ आणि पोटरी ४४ सेंटिमीटर धरली, आणि गुडघा ७५ अंशांत दुमडलेला आहे असे मानले, तर खुबा व घोटा यांमधले अंतर अडीच सेंटिमीटरने वाढल्यास तो कोन सुमारे ७९ अंश होतो, असे त्रिकोणमिती सांगते. चार अंश ही ऐकायला क्षुल्लक बाब आहे. पण गुडघा तेवढ्याने मागे सरून टाकीच्या खोलगट जागेकडे परततो, आणि लांबच्या प्रवासात हा फरक चांगलाच जाणवतो. सीट वर गेल्याने हँडल तेवढेच खाली गेल्यासारखे होते, हा त्यातला तोटा आहे. पण मांड्यांची पकड परत मिळाल्यावर तो सहसा जाचत नाही. फूटरेस्ट खाली घेतल्यानेही गुडघा मोकळा होतो, मात्र वळणात कलण्याची मुभा त्या प्रमाणात कमी होते, हे ध्यानात ठेवून त्याचा निर्णय करावा.

सीट जितकी मऊ तितकी सुखाची, ही समजूत दुकानातल्या पाच मिनिटांपुरती खरी असते. मऊ फोम भाराखाली पार दबून जातो आणि बैठकीची हाडे अखेर खालच्या कठीण पायावर टेकतात. किंचित घट्ट आणि रुंद सीट भार पसरवून धरते. वारा अडविण्यासाठी पुढे बसविलेल्या उंच काचेसंबंधीही असेच आहे. काचेच्या वरच्या कडेवरून सुटणारा खळबळता वारा नेमका हेल्मेटवर आदळू लागला, तर डोके सतत हादरते, आवाज असह्य होतो आणि मान आखडते; अशा वेळी आखूड काचेमुळे वारा छातीवर आला तरी हेल्मेटभोवतीची हवा स्थिर राहते, आणि उंच स्वाराला पुष्कळदा तीच अधिक मानवते.

आता शॉक-अॅब्जॉर्बरची गोष्ट. त्याच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, म्हणजे प्रीलोड, वाढविला की स्प्रिंग कडक होते, ही समजूत तर अनुभवी मेकॅनिकांतही आढळते. सरळ वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास व संख्या आणि धातू यांवर ठरतो. प्रीलोडने बदलते ती फक्त स्वार बसल्यावर गाडी किती खाली बसणार ही पातळी. उंची आणि वजन बहुधा जोडीने येतात, म्हणून उंच स्वाराच्या गाडीचे मागचे अंग गरजेपेक्षा अधिक दबते, प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट मणक्यात जातो, आणि 'शॉक-अॅब्जॉर्बर फार कडक आहे' अशी उलटी तक्रार केली जाते. स्वार बसल्यावर गाडीचे हे दबणे चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावे. ते अधिक असेल तर प्रीलोड वाढविणे हा पहिला इलाज होय.

उंच माणूस स्पोर्ट मोटारसायकलीसाठी जन्मलाच नाही, असे म्हणणारेही भेटतात. पण नऊ जागतिक अजिंक्यपदे मिळविणारा व्हॅलेंटिनो रॉसी सुमारे १८२ सेंटिमीटर उंचीचा, आणि मोटोजीपीत धावलेला फ्रेंच स्वार लोरिस बाझ तर १९० सेंटिमीटरच्याही वर. फरक इतकाच की त्यांची सीट, त्यांचे फूटरेस्ट, त्यांचे हँडल त्यांच्या मापाने बसविलेले असे, आणि त्यांची शर्यत बहुधा पाऊण तासाच्या आत संपे. बाजारातली गाडी सरासरी मापाची असते; आपण सरासरीच्या बाहेर असलो, तर ती आपल्या मापाला आणणे हे आपल्याकडे येते.

तसे करताना कायद्याची मर्यादा लक्षात असू द्यावी. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम नोंदणीच्या दाखल्यातील तपशिलाशी आणि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते. म्हणून उत्पादकाने स्वतःच ठेवलेल्या सोयी आधी वापराव्यात : बोटे, मनगट आणि कोपरापुढचा हात एका रेषेत येतील असा क्लचचा व ब्रेकचा लिव्हर फिरवून घ्यावा, मोठ्या बुटाला जागा मिळेल इतका गिअरचा दांडा वर घ्यावा, प्रीलोड लावावा. हँडलला हात घालण्याची वेळ आलीच, तर ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची नळी व तारा ताणल्या जात नाहीत, आणि अंगठा टाकीत चेपत नाही, याची खात्री केल्यावाचून गाडी रस्त्यावर काढू नये.

हल्ली मी दुकानात जाताना खिशात शिंप्याची टेप बाळगतो. गाडी कोणालातरी सरळ धरायला सांगून दोन्ही पाय फूटरेस्टवर घेतो, दहा मिनिटे हलत नाही, आणि मग सीटच्या कडेपासून फूटरेस्टपर्यंतचे अंतर मोजून चिठ्ठीवर टिपून घेतो. माझ्या जुन्या गाडीची सीट एका इंचाने वाढविल्यानंतर त्याच कोल्हापूरच्या रस्त्यावर माझा पहिला मुक्काम कराडला झाला, आणि तोही चहासाठी.