फ्लूचा सीझन नक्की कधी असतो? हिंगोलीतून पाहिलेला एक जागतिक प्रश्न

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी संशोधनाचा आराखडा लिहिला. विषय फ्लू, जिल्हा आमचा हिंगोली. नमुने गोळा करायचे महिने लिहिले डिसेंबर ते फेब्रुवारी. का? तर मी वाचलेल्या बहुतेक पेपरांत फ्लूचा सीझन हिवाळ्यातच होता. सरांनी ते पान वाचलं आणि एवढंच विचारलं, "तुमच्या गावात घरोघरी लोक तापानं कधी पडतात?"

मी म्हणालो, "श्रावणात, सर. पावसाची झड लागली की."

"मग डिसेंबरात कोणाचे नमुने घेणार?"

अशी चूक तुमच्याकडूनही होऊ शकते, म्हणून आज ती नीट उलगडून सांगतो. फ्लूच्या निमित्तानं संशोधनाचा प्रश्न कसा धरायचा, हेही त्यातून कळेल.

आधी सीझनचं बघू. युरोप-अमेरिकेत फ्लू थंडीत येतो. ऑस्ट्रेलियातही थंडीतच, पण तिथली थंडी जून ते ऑगस्ट. भारताचं काय? २००९ ते २०१३ या काळात देशातल्या १० शहरांत पद्धतशीर पाहणी झाली. फ्लूसारखी लक्षणं असलेल्या ४४,१२७ रुग्णांच्या घशा-नाकातले नमुने आरटी-पीसीआरनं तपासले. पुणे, नागपूर, दिल्ली, लखनौ, कोलकाता, दिब्रुगड, अलप्पुळा इथं जुलै ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात फ्लू वाढलेला दिसला. चेन्नई आणि वेल्लोरला तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाढला, कारण तिथला मुख्य पाऊस तेव्हाचा. श्रीनगरला मात्र जानेवारी ते मार्च. एकाच देशात तीन वेळापत्रकं!

आता याच पाहणीतला दुसरा आकडा बघा. ४४,१२७ पैकी फ्लू निघाला ६,१९३ जणांना, म्हणजे १४ टक्के. उरलेल्यांना लक्षणं फ्लूची होती, पण तपासणीत फ्लूचा विषाणू सापडला नाही. म्हणजे "श्रावणात लोक तापानं पडतात" हे माझं उत्तरही पुरावा नव्हतं. पावसाळ्यात आपल्याकडं डेंग्यू असतो, मलेरिया असतो, इतर कितीतरी विषाणू असतात. डॉक्टर "व्हायरल आहे" म्हणतात तेव्हा त्यात फ्लू किती, हे तपासल्याशिवाय कळत नाही. माझा आराखडा पेपरांवरून उचललेला होता आणि माझं उत्तर आठवणीवरून. मोजलेलं दोन्हींत काहीच नव्हतं.

आता मुख्य प्रश्नाकडं येऊ. सीझन संपल्यावर फ्लूचा विषाणू जातो कुठं?

दोन शक्यता आहेत. एक, तो तिथंच कमी प्रमाणात, एकाकडून दुसऱ्याकडं जात टिकून राहतो आणि अनुकूल दिवस आले की पुन्हा उसळतो. दोन, तो तिथून संपतो आणि पुढच्या वर्षी दुसरीकडून नव्यानं येतो. रुग्णांची संख्या कितीही नीट मोजली तरी यातलं खरं कोणतं ते सांगता येत नाही, कारण दोन्हींत आलेख सारखाच दिसतो. इथं उपयोगी पडते विषाणूंची वंशावळ. विषाणूच्या जनुकात सतत बारीक बदल होत असतात. त्यांवरून कोण कोणाचा वंशज हे काढता येतं. यंदाच्या विषाणूचा पूर्वज गेल्या वर्षी याच भागात सापडला, तर तो इथंच टिकला. पूर्वज दुसऱ्या देशात सापडला, तर तो बाहेरून आला.

२०१५ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात हेच केलं गेलं. ट्रेव्हर बेडफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१२ या काळातले हिमॅग्लुटिनिन जनुकाचे ९,६०४ क्रम तपासले. हिमॅग्लुटिनिन हे विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. लेखकांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या मनदीप चढ्ढा आणि वर्षा पोतदार याही होत्या.

निष्कर्ष असा की 'फ्लू' म्हणून एकच उत्तर नाही. ए/एच३एन२ साथींच्या मधल्या काळात एका जागी टिकत नाही. तो पूर्व आणि आग्नेय आशियातून पुन्हा पुन्हा जगभर पोचतो. पण २००९ पूर्वीचा ए/एच१एन१ आणि बी प्रकारचे विषाणू एकाच भागात अनेक सीझन टिकून राहिले. असा फरक का? एच३एन२ भराभर रूप बदलतो, त्यामुळं मोठ्या माणसांनाही पुन्हा गाठतो. बाकीचे हळू बदलतात आणि तुलनेनं लहान वयात जास्त होतात. लांबचा प्रवास मोठी माणसं जास्त करतात, मुलं कमी. म्हणून एच३एन२ झपाट्यानं जग फिरतो आणि बाकीचे रेंगाळतात. संगणकावरच्या प्रतिमानांनीही याच स्पष्टीकरणाला दुजोरा दिला.

हे वाचताना मला आमच्याकडचे ऊसतोडीला जाणारे लोक आठवले. दसरा-दिवाळीच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातली अनेक कुटुंबं बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्यासोबत लेकरंही जातात. म्हणजे "मुलं कमी फिरतात" हे विमानप्रवासाला लागू असलं, तरी उसाच्या फडाला लागू होईलच असं नाही. मग बी प्रकारचा फ्लू आमच्या तालुक्यांत टिकतो की परतणाऱ्या कुटुंबांबरोबर येतो? की जूनमध्ये शाळा उघडल्यावर पसरतो? हे निष्कर्ष नाहीत, प्रश्न आहेत. पण ते इथल्या माणसालाच पडू शकतात.

यात जिवाचाही प्रश्न आहे. फ्लू म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान बाळं आणि दम्याच्या रुग्णांना जड जातो. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू घ्यायचे हे वर्षातून दोनदा सुचवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धाच्या सीझनसाठी. आपण नकाशावर उत्तरेत आहोत. पण त्या १० शहरांच्या पाहणीनं काय सुचवलं? पावसाळ्यात फ्लू वाढणाऱ्या शहरांत लस एप्रिल-मेमध्ये द्यावी. पुस्तकातला सीझन धरून आजीला ऑक्टोबरात लस दिली, तर तिचा सगळ्यात धोक्याचा पावसाळा आधीच उलटून गेलेला असेल.

त्या १० शहरांत हिंगोली नाही. पुणे आणि नागपूरच्या मधे आपण येतो, म्हणून आपल्याकडंही जुलै ते सप्टेंबर असेल हा अंदाज रास्त आहे. पण अंदाज तो अंदाजच. नकाशावर ठिपका नसणं म्हणजे तिथं रुग्ण शून्य असणं नव्हे. तिथं कोणी मोजलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी आराखडा बदलला. आता नमुने बाराही महिने घ्यायचे आहेत, अगदी फ्लू नसेल असं वाटणाऱ्या महिन्यांतही. विषाणू टिकतो की नाही हे कळणार ते त्याच महिन्यांत. तुम्ही प्रस्ताव लिहीत असाल तर आज एक काम करा. तुमच्या आराखड्यातले महिने, गावं आणि वयोगट यांच्यापुढं "हे मला कुठून कळलं?" असं लिहा आणि प्रामाणिकपणे उत्तर भरा. जिथं उत्तर "सगळे असंच करतात" असं येईल, तिथून पुन्हा सुरुवात करा.