कार्ड थांबतंय की प्रोसेसर?

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात गेमिंग कॉम्प्युटरचं कोटेशन मागितलं की गिऱ्हाईकाचं बोट दोनच ओळींवर फिरतं: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. रॅम, बोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट यांच्याकडे नंतर लक्ष जातं. ‘या प्रोसेसरला हे कार्ड झेपेल का?’ हा प्रश्न काउंटरवर सतत कानावर पडतो, आणि उत्तर बहुतेकदा टक्क्यांत मिळतं. अमुक जोडीत दहा टक्के बॉटलनेक, म्हणजे एकामुळे दुसऱ्याची अडवणूक, तमुक जोडीत पाच. ओळखीच्यांना कॉम्प्युटर जोडून देताना मलाही हेच विचारलं जातं. माझं मत आता पक्कं झालंय: या टक्क्यांना काही अर्थ नाही. जोडी जुळली की नाही हे त्या माणसाच्या मॉनिटरवर, त्याच्याच गेममध्ये मोजल्याशिवाय कळत नाही.

पडद्यावरची प्रत्येक फ्रेम दोघांच्या हाताखालून जाते. शत्रू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, गर्दीतला माणूस कुठे वळला, समोर काय काय दिसायला हवं हे प्रोसेसर ठरवतो आणि तशी यादी कार्डाकडे धाडतो. त्या यादीवरून कार्ड एकेका पिक्सेलचा रंग काढतं. एकीने पोळ्या लाटाव्यात आणि दुसरीने भाजाव्यात, तसं हे चालतं. हात दोघींचे एकाच वेळी चालू असतात, पण डब्यात पोळ्या पडतात त्या जिचा हात सावकाश चालतो तिच्या वेगाने. समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ७. सेकंदाला १०० फ्रेम मिळतील. आता दुप्पट किमतीचं कार्ड आणून ते ७ चे ४ केले, तरी फ्रेम १००च राहतील. वाढलेले पैसे कार्डाच्या रिकाम्या वेळात गेले.

कार्डाचे ते ७ मिलिसेकंद मात्र मॉनिटरप्रमाणे बदलतात. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६,८६,४०० आणि फोर-केवर ८२,९४,४००, म्हणजे चौपट. प्रोसेसरची यादी तिन्ही पडद्यांवर जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे तीच जोडी एका टेबलावर प्रोसेसरपाशी अडते आणि दुसऱ्या टेबलावर कार्डापाशी. मी म्हणूनच आधी बजेट विचारत नाही, मॉनिटर विचारतो. आणि लगेच दुसरा प्रश्न: खेळणार काय?

माझ्या भाच्याचं उदाहरण यासाठी अगदी बोलकं आहे. संध्याकाळी मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि सुट्टीत सायबरपंक २०७७, असा त्याचा बेत. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झचा. २०२१ मध्ये क्रिप्टोच्या मायनिंगमुळे आणि चिपच्या टंचाईमुळे कार्डांच्या किमती आभाळाला भिडल्या होत्या. तेव्हा आपल्याकडे अनेकांनी केलं तेच त्यानेही केलं: अंगचं ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी घेतला, कार्ड नंतर बघू म्हणाला. त्या परिस्थितीत निर्णय शहाणपणाचाच होता. आता तो आरएक्स ६६०० घेऊन माझ्याकडे आला.

५६००जी आणि साधा ५६०० यांची खोकी शेजारी ठेवली तर फरक चटकन दिसत नाही. दोन्हीत सहा कोअर, बारा थ्रेड. दोघांचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. बेस वेग तर जीचाच जास्त आहे. पण ५६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी आहे, जीमध्ये १६. खेळताना प्रोसेसरला पुन्हा पुन्हा लागणारी माहिती या कॅशमध्ये सापडली नाही, तर ती आणायला रॅमपर्यंत जावं लागतं आणि तेवढा वेळ कोअर थांबून राहतो. दुसरी गोष्ट, ५६०० पीसीआय एक्सप्रेस ४.० बोलतो, जी फक्त ३.०. बोर्ड ४.० चालवणारा बी५५० असला तरी जी बसवला की कार्डाचा स्लॉट ३.० वर चालतो.

कार्ड बसवलं आणि आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावून पडद्याच्या कोपऱ्यात वापराचे आकडे आणले. व्हॅलोरंट सुरू झाल्यावर कार्डाचा वापर निम्म्यावरही जाईना. ग्राफिक्सची सेटिंग्ज वरून अगदी खाली आणली. एफपीएस, म्हणजे सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम, जिथे होते तिथेच. म्हणजे कार्डाला काम कमी दिलं तरी वेग वाढत नव्हता, अडवणूक प्रोसेसरकडे होती. भाच्याने प्रोसेसरच्या आकड्याकडे बोट दाखवलं, “पण मामा, हा तर अर्धासुद्धा भरलेला नाही!” हा गैरसमज फार पसरलेला आहे. तो आकडा बारा थ्रेडची सरासरी असतो. एकच थ्रेड पूर्ण राबत असला, तर त्याचा वाटा जेमतेम आठ टक्के दिसतो. आणि खेळाचं मुख्य काम बरंचसं एकाच थ्रेडवर चालतं. त्यामुळे मी प्रोसेसरचा एकूण टक्का बघतच नाही. कार्डाचा बघतो. तो ९७-९९ वर चिकटलेला असेल तर कार्ड आपल्या पूर्ण ताकदीने चाललंय. खाली घसरला आणि एफपीएसवर मर्यादा घातलेली नसेल, तर कोणीतरी त्याला वाट बघायला लावतंय.

सायबरपंकमध्ये चित्र उलटं झालं. हाय सेटिंगवर कार्ड ९९ ला टेकलं. मग रेझोल्यूशन मुद्दाम ७२०पी वर आणलं. फ्रेम वाढत गेल्या आणि एका ठिकाणी अडल्या. तो या खेळातला प्रोसेसरचा माथा. ही चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण तिने दोघांची कुवत वेगवेगळी समोर येते आणि पुढे कार्ड बदललं तर किती फायदा होईल याचा अंदाज आजच बांधता येतो. समीक्षक प्रोसेसर तपासताना सर्वांत ताकदवान कार्ड लावून १०८०पी वर खेळतात, त्यामागेही हेच कारण आहे. घरी तसं कोणी खेळत नाही, पण प्रोसेसरचा माथा दिसायचा तर कार्ड आड येता कामा नये.

यानंतर सायबरपंकमधल्याच बाजाराच्या गर्दीतून गाडी काढली. सरासरी आकडा फारसा हलला नाही, पण हाताला झटके जाणवले. इथे सरासरी बघून भागत नाही, एक टक्का लो बघावा लागतो: हजार फ्रेममधल्या सगळ्यात संथ दहा फ्रेमचा वेग. खेळणाऱ्याला त्रास होतो तो या दहांचाच. सेटिंगमधली गर्दीची घनता कमी केली आणि झटके कमी झाले, कारण त्या माणसांचा हिशेब प्रोसेसर ठेवतो.

कॅबिनेट उघडलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. रॅमची एकच कांडी होती, म्हणजे सिंगल चॅनल. ३२०० ची असूनही रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं एक्सएमपी बायॉसमध्ये बंद, त्यामुळे चालत होती २४०० वर. छोट्या कॅशच्या प्रोसेसरला रॅमकडे जास्त जावं लागतं, आणि नेमकी तिथली वाट अरुंद. तशाच आणखी एका कांडीची जोड दिली, दोन्ही कांड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, एक्सएमपी चालू केलं. झटक्यांमध्ये फरक लगेच कळला. प्रोसेसर आणि कार्डावर रात्ररात्र वाद घालणाऱ्या मुलांनी ही दोन कामं आधी करावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग माझ्याकडचा ५६०० त्याच बोर्डावर चढवून पुन्हा तेच रस्ते, तेच सामने. सायबरपंकची सरासरी जागची हलली नाही म्हटलं तरी चालेल. ती कार्डाच्या हातात होती. बाजारातले उरलेले झटके मात्र आणखी कमी झाले. व्हॅलोरंटमध्ये एफपीएस सरळ वर गेले.

कार्डाच्या बाजूलाही खोक्यावर न दिसणाऱ्या गोष्टी असतात. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात मिळतं म्हणून जुन्या कॉम्प्युटरसाठी घेतलं जातं. त्यात मेमरी ४ जीबी आणि पीसीआय एक्सप्रेसच्या लेन चारच. मेमरी भरली की उरलेला माल रॅममधून त्या चार लेनवरून यायचा, आणि ३.० च्या स्लॉटवर त्या लेनचा वेगही निम्मा. ज्या जुन्या प्रोसेसरसाठी ते घ्यावंसं वाटतं, तिथेच ते सगळ्यात जास्त अडतं. आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबी मेमरी आहे, नंतर आलेल्या ४०६० मध्ये ८. नवं कार्ड वेगवान आहे, ११५ वॅटवर भागवतं, जुन्याला १७० लागतात. तरी जड टेक्स्चर लावून खेळणाऱ्याला ते जास्तीचे ४ जीबी उपयोगी पडतात.

भाच्याने शेवटी जी विकून ५६०० घेतला आणि कार्ड तेच ठेवलं. पुढे १४४०पी मॉनिटर घ्यायचा त्याचा विचार आहे. तेव्हा सायबरपंकसाठी कार्ड बदलावं लागेल, हे ७२०पी वरच्या त्या आकड्यावरून आत्ताच दिसतंय. प्रोसेसरला धक्का लावायची गरज पडणार नाही. व्हॅलोरंटमध्ये आणखी वेग हवाच असेल, तर याच एएम४ बोर्डावर ९६ एमबी कॅशचा ५८००एक्स३डी बसतो.