मैदानातून मार्गदर्शकाच्या जागी : व्हिन्सेंट कोम्पनी

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत संध्याकाळी मुले जमतात. पुस्तक समोर उघडे आणि डोळे मोबाईलवर, असा प्रकार दिसला की आम्ही रागावतो. परवा असेच एका मुलाला हटकले. तो म्हणाला, "काका, कोम्पनीची टीम खेळते आहे." आम्ही नोकरीने कारकून, शिक्षणाने बी.कॉम. कंपनी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे ताळेबंदच येतो. मुले हसली. मग त्यांनीच या माणसाची माहिती सांगितली आणि आम्हीही पुढे थोडे वाचन केले. जे हाती आले ते आमच्या वाचक बंधू-भगिनींपुढे, विशेषतः आई-वडिलांपुढे ठेवावेसे वाटले.

व्हिन्सेंट कोम्पनी यांचा जन्म १० एप्रिल १९८६ रोजी बेल्जियममध्ये, ब्रसेल्सच्या उक्कल भागात झाला. वडील पिएर हे आफ्रिकेतील काँगोचे. त्या देशाचे नाव तेव्हा झैरे होते आणि तिथे मोबुटूची हुकूमशाही होती. १९७५ साली ते राजकीय निर्वासित म्हणून बेल्जियममध्ये आले. टॅक्सी चालवून त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. आई जोसलिन बेल्जियन आणि कामगार संघटनेत काम करणारी. ज्या बेल्जियमने एकेकाळी काँगोवर राज्य केले, त्याच बेल्जियममध्ये हे काळ्या-गोऱ्या आई-वडिलांचे घर उभे राहिले. पुढे २०१८ साली पिएर कोम्पनी ब्रसेल्समधील गान्सहोरेनचे महापौर झाले. बेल्जियमचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर होत. मुलाची गोष्ट सांगण्याआधी बापाची सांगावी लागते ती यासाठी. घराचा पाया तिथेच घातला गेला.

व्हिन्सेंट लहानपणापासून ब्रसेल्सच्या अँडरलेक्ट क्लबमध्ये शिकला. २००३ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, तो क्लबच्या मुख्य संघातून खेळू लागला. जागा बचावफळीतली. गोल करणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते. गोल वाचवणाऱ्याचे क्वचितच. २००६ मध्ये तो जर्मनीतील हॅम्बुर्गला गेला आणि ऑगस्ट २००८ मध्ये इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीत आला. २०११ मध्ये तो संघाचा कर्णधार झाला. एप्रिल २०१२ मध्ये शेजारच्या मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने कॉर्नरवरून डोक्याने गोल केला. सामना १-० असा जिंकला आणि त्याच मोसमात सिटीला ४४ वर्षांनी इंग्लंडचे विजेतेपद मिळाले.

पायाच्या दुखापतींनी मात्र त्याची पाठ सोडली नाही. पोटरीचा स्नायू पुन्हा पुन्हा दुखावे आणि महिनेच्या महिने बाहेर बसावे लागे. हा काळ त्याने कसा घालवला, हे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मँचेस्टरच्या बिझनेस स्कूलमध्ये नाव घालून, खेळता खेळता, सुमारे पाच वर्षे अभ्यास करून त्याने एम.बी.ए. पूर्ण केले. घरच्या मैदानाचा संघाला फायदा कसा होतो, हाच त्याच्या शेवटच्या प्रकल्पाचा विषय होता. पैसा होता, कीर्ती होती, कोणी अभ्यासाला बसवले नव्हते. तरी तो बसला. दिवसा नोकरी करून रात्रीच्या कॉलेजात शिकलेल्या आमच्या पिढीला याचे मोल सांगावयास नको.

मे २०१९ मध्ये लीस्टरविरुद्ध सिटीला विजय हवाच होता. गोल होत नव्हता. कोम्पनीने दुरून चेंडू मारण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा "मारू नको" असे सोबतीच ओरडत होते, असे त्याने नंतर सांगितले. त्याने मारला आणि गोल झाला. सिटीने ९८ गुण मिळवले, लिव्हरपूलने ९७. एका गुणाने विजेतेपद! सिटीकडून हे त्याचे चौथे लीग विजेतेपद. क्लबने त्याच्या सन्मानार्थ जो सामना ठेवला, त्याचे उत्पन्न त्याने मँचेस्टरमधील बेघर लोकांच्या कामाला दिले. २०२१ मध्ये स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला.

पुतळा उभा राहिला म्हणजे माणूस संपत नाही. २०१९ मध्येच तो अँडरलेक्टला खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी जबाबदारीवर परतला. पहिल्या चार सामन्यांत एकही विजय नाही! तेव्हा त्याने सामन्याच्या दिवशीची सूत्रे सहकाऱ्याकडे सोपवली. स्वतःचा मोठेपणा बाजूला ठेवणे सोपे नसते. ऑगस्ट २०२० मध्ये खेळणे थांबवून तो पूर्णवेळ प्रशिक्षक झाला आणि दोन मोसमांत संघाला चौथ्या, मग तिसऱ्या क्रमांकावर आणले.

डिसेंबर २०२१ मध्ये ब्रुगच्या मैदानावर त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना रंगावरून शिवीगाळ झाली. त्याने ते गिळले नाही. आपल्याला किळस आली आहे, हे त्याने सामन्यानंतर उघडपणे सांगितले. युरोपच्या मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडू पुष्कळ दिसतात. पण प्रशिक्षकाच्या जागेवर, जिथे हुकूम द्यायचा असतो, तिथे फार थोडे. घाम गाळायला माणूस चालतो, निर्णय घ्यायला चालत नाही, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही.

२०२२ मध्ये तो इंग्लंडच्या बर्नली संघाकडे गेला. नुकताच खालच्या लीगमध्ये घसरलेला हा संघ त्याने १०१ गुणांनिशी पुन्हा वर नेला. पण पुढच्याच मोसमात, २०२३-२४ मध्ये, ३८ पैकी फक्त पाच सामने जिंकून बर्नली पुन्हा खाली घसरली. लोक म्हणाले, आता याचे संपले. आणि मे २०२४ मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकने, युरोपातील मातब्बर क्लबने, त्याला बोलावले! क्लबची ती पहिली पसंती नव्हती, आधी इतरांकडे विचारणा झाली होती. पण मिळालेल्या संधीचे त्याने सोने केले. २०२४-२५ मध्ये बायर्नने ८२ गुणांसह जर्मन विजेतेपद परत मिळवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लबने त्याचा करार २०२९ पर्यंत वाढवला.

आता थोडे आपल्या घरातले. आमच्या अभ्यासिकेतील एक मुलगा बारावीला एका विषयात राहिला आणि त्याने येणेच सोडले. मैदानावर जाणेही सोडले. घरचे म्हणतात, खेळाच्या नादाने वाया गेला. आम्ही दोनदा त्याच्या घरी जाऊन आलो, त्याने दार लावून घेतले. तिसऱ्या वेळी आम्ही उपदेश केला नाही. संपूर्ण मोसमात पाचच सामने जिंकलेल्या प्रशिक्षकाची ही गोष्ट सांगितली. तो दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, पाचच?" आम्ही म्हटले, "पाचच."

परीक्षेचा फॉर्म त्याने अजून भरलेला नाही. शेवटची तारीख आठ दिवसांवर आहे आणि आम्ही चौथ्यांदा जाणार आहोत. आई-वडिलांना एवढेच सांगणे की, खेळ की शिक्षण असा वाद घरात मांडू नका. टॅक्सी चालवून शिकलेल्या बापाच्या मुलाने दोन्ही केले. आपली मुलेही करतील; नापास झालेल्या दिवशी त्यांच्याशी बोलणारे कोणीतरी घरात असले पाहिजे.