टेस्ट ट्यूब बेबी आणि कॅन्सरची भीती

परवा मंगरुळपीरकडच्या एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. ताप साधाच. सून औषध आणायला बाहेर जाताच हळूच म्हणाल्या, ‘‘डाक्टरसाहेब, हा टेस्ट ट्यूबचा हाय. अशा पोराईले कॅन्सर होते म्हणतात, खरं काय?’’

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली हर्षा २०१६ साली स्वतः आई झाली, हे मी त्यांना आधी सांगितले.

प्रश्न मात्र वेडगळ नव्हे. ब्रिटनमध्ये १९९२ ते २००८ या काळात अशा उपचाराने जन्मलेल्या १ लाख ६ हजार मुलांची पाहणी झाली. एरवी ११० जणांना कॅन्सर अपेक्षित होता, झाला १०८ जणांना. यकृताचा एक दुर्मिळ कॅन्सर अपेक्षेपेक्षा जास्त दिसला. पुढे २०२२ मध्ये डेन्मार्क, स्वीडनकडच्या पाहणीत गोठवलेल्या गर्भापासून झालेल्या मुलांत हे प्रमाण वर्षाला लाखात ३० निघाले, ताज्या गर्भाच्या मुलांत १९. पण गोठवलेल्या गटातले रुग्ण सारे मिळून ४८च, त्यामुळे डॉक्टर मंडळीही जपूनच बोलतात. शिवाय वर्षाला लाखात ३० म्हणजे उरलेल्या ९९ हजार ९७० मुलांना त्या वर्षी कॅन्सर होत नाही!

रेंगाळणारा ताप, पांढुरकेपणा, मार न लागता उठणारे निळे डाग, पोटात गोळा, फोटोत पांढरी चमकणारी बाहुली यांपैकी काही दिसले तर कोणत्याही मुलाला लगेच दाखवावे.

‘‘जन्माची हकीकत याच्या कागदावर लिहून ठेवतो,’’ मी म्हटले.

‘‘लिहा, पन गावात सांगू नका,’’ म्हणत आजी उठल्या.