दोन हजार तीन-चारच्या मुली

सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल विश्वचषक २०२२ साली भारतात झाला, हे बऱ्याच जणांना आठवतं. त्याआधी तो २०२० साली इथेच व्हायचा होता आणि रद्द झाला, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. यजमानपद परत मिळालं, म्हणजे भरपाई झाली असंच सगळे धरून चालतात. मी रत्नागिरीत शाळेच्या मुलींना फुटबॉल शिकवते. मला ते पटत नाही.

२०२०चं सगळं ठरलेलं होतं. १६ संघ, ३२ सामने. कोलकाता, गुवाहाटी, भुवनेश्वर, अहमदाबाद आणि नवी मुंबई ही पाच शहरं. अंतिम सामना २१ नोव्हेंबरला नवी मुंबईत. म्हणजे आमच्या कोकण रेल्वेने पनवेल गाठायचं आणि तिथून लोकलने नेरुळ. पालकांच्या सभेत मी मुलींना न्यायचा बेत मांडला, तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "मुलींचा पण वर्ल्ड कप असतो?" असतो, २००८पासून असतो, असं सांगताना मला फार बरं वाटलं होतं. त्या डिसेंबरात, २०१९ला, आपल्या मुली अंधेरीत स्वीडन आणि थायलंडशी खेळल्या होत्या. तयारी खरीखुरी चालू होती.

मग टाळेबंदी आली. शाळा बंद, गाड्या बंद. जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडच्या माडापोफळींच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा फुटबॉलचं नाव काढायचीही सोय नव्हती. फिफाने स्पर्धा आधी १७ फेब्रुवारी ते ७ मार्च २०२१ अशी पुढे ढकलली आणि १७ नोव्हेंबर २०२०ला रद्दच केली. कारण समजण्यासारखं होतं. यजमान सोडून बाकीचे संघ आपापल्या खंडातल्या पात्रता स्पर्धांतून यायचे असतात. आशियातून जपान आणि उत्तर कोरिया आधीच ठरले होते. पण आफ्रिका आणि दोन्ही अमेरिका खंडांतल्या पात्रता स्पर्धा अडकून पडल्या होत्या. कोस्टा रिकात व्हायचा वीस वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषकही त्याच दिवशी रद्द झाला. २०२२चं यजमानपद दोन्ही देशांकडे राहिलं.

गोम आहे ती जन्मतारखेत. ही स्पर्धा तेव्हा दोन वर्षांनी एकदा व्हायची. २०२०साठी १ जानेवारी २००३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली पात्र होत्या. २०२२साठी ती रेघ १ जानेवारी २००५वर सरकली. म्हणजे २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या जगभरातल्या मुलींचा विश्वचषक झालाच नाही. स्पेनच्या सल्मा पारालुएलोसारखी एखादी २००३ची मुलगी पंधराव्या वर्षीच, २०१८ला खेळून गेली होती. पण असं किती जणींच्या नशिबी येतं?

माझी गोलकीपर डिसेंबर २००४ची. ती भारताच्या संघात गेली असती, असं मी म्हणत नाही. पण शाळकरी मुलींची मोठी स्पर्धा म्हणजे सुब्रतो चषक. तोही २०२० आणि २०२१ला झाला नाही. तिने फोनवर विचारलं होतं, "बाई, दोन हजार बावीसला मी चालेन ना?" जन्मदाखला माझ्याजवळच्या फायलीत होता. चालणार नव्हती.

कोलंबियाची लिंडा कैसेदो २२ फेब्रुवारी २००५ची. रेघेच्या अलीकडे-पलीकडे, दोघींत जेमतेम दोन-तीन महिन्यांचं अंतर. लिंडा २०२२ला भारतात आली आणि अंतिम फेरीपर्यंत पोचली. तो सामना ३० ऑक्टोबरला झाला. रविवार होता, दिवाळीची सुट्टी होती. मी धाकट्या मुलींना घेऊन डी. वाय. पाटील स्टेडियमवर गेले. ८२व्या मिनिटाला कोलंबियाकडून स्वयंगोल झाला आणि स्पेन १-० जिंकलं. आमच्या मुलींचं लक्ष लिंडावरून हटत नव्हतं. आजारातून, कर्करोगातून उठून ती त्या वर्षी वीस वर्षांखालच्या आणि मोठ्या बायकांच्या संघातूनही खेळली होती. पुढच्या वर्षी रेआल माद्रिदने तिला घेतलं.

फिफाला वय वाढवता येत नाही असं नाही. टोकियो ऑलिंपिक वर्षभर लांबलं, तेव्हा पुरुषांच्या फुटबॉलमधली २३ची मर्यादा २४ केली, कारण त्या मुलांची संधी हुकू नये. सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत एकोणीस वर्षांची मुलगी खेळवणं योग्य नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण या दोन वर्षांच्या मुलींसाठी वेगळी स्पर्धा, निदान खंडाखंडापुरती तरी, घ्यायला हवी होती असं मला आजही वाटतं.

२०२२चीही स्पर्धा जवळजवळ हातची गेली होती. १५ ऑगस्टला फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं, २६ ऑगस्टला निलंबन उठलं. भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० हरल्या. त्या आकड्यांवर हसणाऱ्यांचा मला राग येतो. झारखंडच्या अष्टम उरांवने त्या संघाचं नेतृत्व केलं. मैदानात उतरल्याशिवाय आपण कुठे आहोत हे कळत नाही, आणि २००३-०४च्या मुलींना तेवढंही कळलं नाही.

आता २०२५पासून ही स्पर्धा दरवर्षी भरते, संघ २४ झाले आहेत आणि २०२९पर्यंत ती मोरोक्कोत आहे. एक वर्ष बुडालं तरी एखाद्या वयाची सगळी संधी जाणार नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये भारताच्या सतरा वर्षांखालच्या मुली बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ हरवून आशिया चषकाला पात्र ठरल्या, यजमानपदाच्या आधाराशिवाय.

माझी गोलकीपर आता रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. शाळा सुटल्यावर तिला खेळायला संघच मिळाला नाही. लिंडाला सतराच्या पुढे वीसचा संघ होता, क्लब होता. आमच्याकडे मुलींचं मैदान दहावी-बारावीला संपतं. जिल्ह्यात वयाची अट नसलेली बायकांची लीग सुरू करा, चार संघांची का होईना. पंचगिरी आणि आखणी मी करते. गोलकीपर माझ्याकडे आहे.